थायरॉइडची गोळी आणि शरीराचे पहारेकरी

शहरांतील पुष्कळ घरांत आतां पहाटेची एक लहानशी रीत होऊन बसली आहे. गृहिणी उठते, चूळ भरते, आणि चहाचें आधण ठेवण्यापूर्वीं बाटलींतील एक बारीकशी गोळी पाण्याच्या घोटाबरोबर घेते. ही गोळी थायरॉक्सिनची. ती कां घ्यावयाची हें डॉक्टरांनीं तिला सांगितलेलें असतें. गळ्यांतील ग्रंथि मंदावली आहे, तिचा रस शरीरास कमी पडतो, तो बाहेरून पुरवावयाचा. इतकें तिला सहज पटतें. परंतु रक्तपरीक्षेच्या कागदावर आणखी एक ओळ असते. तींत कांहीं प्रतिपिंडांचा आंकडा दिलेला असतो. तो दोन आंकडी असावा असें शेजारीं छापलेलें असतें, आणि प्रत्यक्षांत तो आठशें, कधीं हजारांच्याही घरांत असतो. विचारल्यावर उत्तर मिळतें कीं, शरीराचे रक्षकच स्वतःच्या ग्रंथीवर उलटले आहेत.

येथून त्या घरांत एक नवी काळजी शिरते. गोळी रसाची उणीव भरून काढील हें खरें. पण हें घरांतलें भांडण ती मिटवील काय? आज ग्रंथीवर आलेलें संकट उद्यां दुसऱ्या एखाद्या अवयवावर येईल काय? आणि हा आंकडा खालीं आला नाहीं, तर गोळी वायां गेली असें समजावें काय? हे प्रश्न भोळे नाहींत. जगांतील मोठमोठ्या संशोधकांनीं त्यांचा पाठपुरावा केला आहे आणि त्यांत ते कधीं चुकलेही आहेत. त्यांना काय सांपडलें हें समजलें, तर पहाटेच्या त्या गोळीकडे पाहण्याची दृष्टि थोडी निवळेल.

थायरॉइड ही कंठमण्याच्या खालीं, श्वासनलिकेला बिलगून बसलेली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथि. तिचें वजन अवघें दीड-दोन तोळे. मिठांतून आणि अन्नांतून आलेलें आयोडीन ती रक्तांतून वेंचून घेते आणि त्यापासून थायरॉक्सिन नांवाचें संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, तयार करते. या कामीं तिच्या पेशींतील एक एन्झाइम राबतें. त्याचें नांव थायरॉइड पेरॉक्सिडेज, संक्षेपानें टी.पी.ओ. मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युटरी ग्रंथि या कारखान्यावर देखरेख करते. रक्तांतील थायरॉक्सिन कमी झालें कीं ती टी.एस.एच. नांवाचा रस अधिक सोडते आणि थायरॉइडला कामास जुंपते. भरपूर झालें कीं हात आंवरता घेते. म्हणून टी.एस.एच.चा आंकडा चढला, कीं खालची ग्रंथि थकली असें वैद्य ओळखतात. ती थकली म्हणजे शरीराची सारी कामें मंद होतात. अंग जड वाटतें, थंडी सोसत नाहीं, केस गळतात, कातडी कोरडी पडते, मलावरोध होतो, मन उदास राहतें आणि बुद्धीची चपळाई उणावते.

ग्रंथि थकण्याचें एक मोठें कारण प्रथम पाहिलें तें एका तरुण जपानी शल्यवैद्यानें. त्याचें नांव हाकारु हाशिमोतो. फुकुओका येथील विद्यापीठांत काम करीत असतांना त्यानें चार मध्यमवयीन स्त्रियांच्या, शस्त्रक्रियेनें काढलेल्या थायरॉइड ग्रंथि सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्या. ग्रंथीच्या स्वतःच्या पेशींच्या ऐवजीं तेथें त्याला लसिकापेशींचे, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचे, दाट पुंजके पसरलेले दिसले. पहारेकऱ्यांच्या छावण्यांनीं गांव व्यापून टाकावें आणि गांवकरी दिसेनासे व्हावेत, तसा तो देखावा होता. १९१२ सालीं जर्मन भाषेतील एका शल्यशास्त्रीय नियतकालिकांत त्यानें आपला निबंध छापला. नंतर तो आपल्या गांवीं परतला, तेथेंच वैद्यकी करीत राहिला आणि १९३४ सालीं निवर्तला. त्या विकाराला पुढें त्याचें नांव मिळालें. पण पहारेकऱ्यांची ही गर्दी तेथें कशासाठीं जमली, हें तो जिवंत असेतों कोणासही उमगलें नव्हतें.

याचें कारण असें कीं, शरीर स्वतःवरच शस्त्र धरील ही कल्पनाच त्या काळच्या पंडितांना अमान्य होती. जंतूंचा नाश करण्यासाठीं निर्माण झालेली शक्ति स्वकीयांवर चालणार नाहीं, असा जणूं शास्त्रार्थ ठरून गेला होता. तो १९५६ सालीं मोडला. अमेरिकेंतील बफेलो येथें नोएल रोज आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनीं सशांना सशांच्याच थायरॉइडचा अर्क टोंचून पाहिला. अशा सशांच्या रक्तांत स्वतःच्या ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडें उत्पन्न झालीं, आणि ग्रंथींत हाशिमोतोनें वर्णिल्यासारखी पेशींची गर्दी दिसली. त्याच वर्षीं लंडनमध्यें आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियक आणि त्यांचे सहकारी यांनीं हाशिमोतोचा विकार झालेल्या माणसांच्या रक्तांत थायरॉइडच्या प्रथिनाविरुद्धचीं प्रतिपिंडें दाखवून दिलीं. कुंपणच शेत खातें ही म्हण शरीराच्या बाबतींतही खरी ठरली.

आतां हें कुंपण कसें बनलेलें असतें तें पाहिलें पाहिजे. शरीराच्या पहाऱ्यांत निरनिराळ्या कामांचे शिपाई असतात. कांहीं पेशी नाक्यावर उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्या वस्तूंचे तुकडे वेंचतात आणि ते वरिष्ठांपुढें ठेवतात. त्यांना शाखायुक्त पेशी म्हणतात. ते तुकडे पाहून हुकूम सोडणाऱ्या पेशी म्हणजे टी-पेशी. त्यांतील कांहीं स्वतः हत्यार चालवितात आणि शत्रूच्या पेशी मारतात. बी-पेशी प्रतिपिंडें बनवितात. आणि या सर्वांत एक शांत वर्ग असतो, तो म्हणजे नियामक पेशींचा. चुकीच्या माणसावर उगारलेला हात धरून ठेवणें हें त्यांचें काम. जपानचे शिमोन साकागुची यांनीं १९९५ सालीं उंदरांवरील प्रयोगांनीं असें दाखविलें कीं, या नियामक पेशी वगळून उरलेल्या टी-पेशी उंदरास दिल्या, तर त्याचे अनेक अवयव स्वकीयांच्याच हल्ल्यास बळी पडतात; आणि त्या अवयवांत थायरॉइडही असतो. या शोधाच्या मालिकेबद्दल साकागुची यांना मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्याबरोबर २०२५ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हाशिमोतोनें छावण्या पाहिल्या. छावण्यांना आंवरणारा हात कोणता, हें त्याच्याच एका देशबांधवानें त्र्यांशीं वर्षांनीं दाखविलें.

हाशिमोतोच्या विकारांत हा आंवरणारा हात ढिला पडतो. आनुवंशिक प्रवृत्ति, आयोडीनचा अतिरेक, प्रसूतीनंतरची स्थिति, अशीं अनेक कारणें त्यास हातभार लावतात. टी-पेशी ग्रंथींत घुसतात, दाहक द्रव्यें सोडतात आणि तिच्या पेशी हळूहळू मारतात. बी-पेशी तेथेंच ठाण मांडून टी.पी.ओ.विरुद्ध प्रतिपिंडें बनवीत राहतात. रक्ताच्या कागदावरील तो मोठा आंकडा याच प्रतिपिंडांचा. परंतु ग्रंथीचें मुख्य नुकसान टी-पेशी करतात. प्रतिपिंडें हा बहुतांशीं त्या भांडणाचा गलका असतो. गलका ऐकून भांडण चाललें आहे हें कळतें. किती डोकीं फुटलीं हें मात्र त्यावरून कळत नाहीं. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनांत लक्षांत ठेवावयास हवी.

आतां गोळीचा इतिहास. १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरानें, थायरॉइड पार निकामी झाल्यामुळें सुजलेल्या व मंदावलेल्या एका शेहेचाळीस वर्षांच्या बाईस मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोंचून पाहिला. कांहीं आठवड्यांत तिची सूज उतरली, वाचा सुधारली, अंगांत ऊब आली. पुढें तो अर्क पोटांतून देऊं लागले. १९१४ सालच्या नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत एडवर्ड केंडॉल यांनीं त्या अर्कांतील मूळ द्रव्य स्फटिकरूपानें वेगळें केलें, तेंच थायरॉक्सिन. चार्ल्स हॅरिंग्टन यांनीं १९२६ सालीं त्याची रचना उकलली, आणि पुढल्याच वर्षीं जॉर्ज बार्गर यांच्या सहकार्यानें तें प्रयोगशाळेंत बनविलें. आजची गोळी हें त्याच द्रव्याचें कृत्रिम रूप आहे. ग्रंथि जें बनविते तेंच तींत असतें. त्याहून निराळें कांहीं नसतें.

थायरॉक्सिनच्या अणुरचनेंत आयोडीनचे चार अणु असतात. शरीराच्या पेशींत एक प्रकारचीं एन्झाइमें त्यांतील एक अणु काढून टाकतात आणि तीन अणूंचें अधिक जलाल संप्रेरक, टी-थ्री, तयार होतें. तें पेशीच्या केंद्रांत जाऊन तेथील कारभाराचा वेग ठरवितें. हृदय, यकृत, मेंदू, स्नायु, सर्वत्र हें चालतें. मग पहारेकरी पेशी तरी याला अपवाद कशा असतील? त्यांच्या ठिकाणींही या संप्रेरकाला ओळखणारे ग्राहक आहेत, आणि त्यास घडविणारीं व मोडणारीं एन्झाइमेंही आहेत. म्हणजे गोळी घेतली कीं तिचा संदेश पहारेकऱ्यांच्या चौकींतही पोंचतो. प्रश्न एवढाच उरतो कीं, तो संदेश काय असतो. 'शांत व्हा' असा, कीं 'कामाला लागा' असा?

येथें प्रयोगशाळेचें उत्तर पुष्कळांच्या अपेक्षेविरुद्ध आहे. अर्जेंटिनांतील संशोधकांनीं २००८ सालीं उंदरांच्या शाखायुक्त पेशींना टी-थ्री देऊन पाहिलें. त्या शांत झाल्या नाहींत. उलट अधिक परिपक्व झाल्या आणि टी-पेशींना चढाईकडे नेणारें द्रव्य अधिक सोडूं लागल्या. जंतूंस गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचें उदाहरण असेंच आहे. थायरॉक्सिनचें विघटन करणारें एक एन्झाइम ज्या उंदरांत मुळींच नसतें, ते उंदीर जंतूंचा फडशा पाडण्यांत उणे पडतात. यावरून इतकें दिसतें कीं, थायरॉइडचें संप्रेरक हें पहारेकऱ्यांना गुंगी आणणारें औषध नव्हे. तो त्यांचा शिधा आहे. जसा तो हृदयाला लागतो तसाच त्यांनाही लागतो; आणि उपाशी सैन्य शहाणें होतें असें कोणी म्हणणार नाहीं.

असें असतांही रुग्णालयांतील अनुभव दुसरीच कांहीं गोष्ट सांगतो. जर्मनींतील कोलोन येथें हाशिमोतोचा विकार असून थायरॉक्सिन घेणाऱ्या ३८ रुग्णांची कित्येक वर्षांची टिपणें तपासून २००८ सालीं तेथील वैद्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. टी.पी.ओ. प्रतिपिंडांचा आंकडा तीन महिन्यांनीं सरासरीनें शेंकडा ८, एक वर्षानें शेंकडा ४५ आणि पांच वर्षांनीं शेंकडा ७० इतका उतरलेला त्यांना आढळला. मात्र ३८ पैकीं केवळ ६ जणांचा आंकडा निरोगी मर्यादेंत येऊन ठेपला. बाकीच्यांचा खालीं आला, पण मर्यादेच्या वरच राहिला.

संप्रेरक पहारेकऱ्यांना थेट शांत करीत नाहीं, तर मग हा आंकडा कां उतरतो? याचा सर्वांत पटणारा खुलासा असा आहे कीं, गोळी पहारेकऱ्यांकडे न जातां ग्रंथीकडून हें काम साधते. ग्रंथि थकली कीं टी.एस.एच.चा चाबूक तिच्यावर सतत पडत असतो. त्या माऱ्याखालीं तिच्या उरलेल्या पेशी अधिक टी.पी.ओ. आणि अधिक थायरॉइड प्रथिन बनवूं पाहतात. आणि हल्ला तर नेमका त्याच वस्तूंवर असतो. बाहेरून थायरॉक्सिन मिळालें कीं पिट्युटरीचें समाधान होतें, चाबूक थांबतो, आणि ग्रंथीस विसांवा मिळतो. जी वस्तु पाहून पहारेकरी चवताळतात ती त्यांच्या डोळ्यांपुढें कमी येऊं लागते. भांडणाऱ्यांस कोणीं समजाविलेलें नसतें; फक्त भांडणाचें निमित्त थोडें दूर केलेलें असतें.

परंतु येथेंही सावधपणा हवा. कोलोनच्या त्या पाहणींत गोळी न घेणाऱ्या रुग्णांचा तुलनेसाठीं दुसरा गट नव्हता. वर्षें लोटतां लोटतां ग्रंथीच्या पेशी नष्ट होत जातात, तेव्हां हल्ल्याचें लक्ष्यच आटत जातें, आणि गोळी न घेतांही आंकडा खालीं येऊं शकतो. भांडण मिटलें म्हणून गलका थांबतो, तसा भांडावयास कांहीं उरलें नाहीं म्हणूनही थांबतो. तुलनेचा एक लहान प्रयोग जर्मनींतच २००१ सालीं प्रसिद्ध झाला होता. हाशिमोतोचा विकार असून ज्यांच्या ग्रंथीचें काम अद्याप नीट चाललें होतें असे २१ रुग्ण त्यांत होते. जवळजवळ निम्म्यांना वर्षभर थायरॉक्सिन दिलें, बाकीच्यांना दिलें नाहीं. ज्यांना गोळी मिळाली त्यांची टी.पी.ओ. प्रतिपिंडें आणि बी-पेशी घटल्या. इतरांच्या घटल्या नाहींत. ग्रंथीच्या आकारांत मात्र दोन्ही गटांत फरक पडला नाहीं. म्हणजे गोळीचा परिणाम पहारेकरी पेशींपर्यंत पोंचतो हें मानण्यास आधार आहे. परंतु इतक्या थोड्या माणसांवरून आणि एका वर्षावरून सर्वांसाठीं नियम बांधतां येत नाहीं.

लहान प्रयोगांवर मोठी इमारत उभारण्याचा धोका किती असतो, याचा दाखला याच ग्रंथीच्या दुसऱ्या एका विकारानें दिला आहे. ग्रेव्ह्जच्या विकारांत पहारेकरी ग्रंथीचा नाश करीत नाहींत. त्यांचीं प्रतिपिंडें टी.एस.एच.च्या ग्राहकावर जाऊन बसतात, जणूं दाराच्या घंटेवर कोणीं बोट दाबून धरावें, आणि ग्रंथि बेसुमार संप्रेरक ओतूं लागते. अशा रुग्णांना ग्रंथीचें काम मंदावणारें औषध देतात. १९९१ सालीं जपानांतील वैद्यांनीं प्रसिद्ध केलें कीं, त्या औषधाबरोबर आणि नंतरही थायरॉक्सिन दिलें, तर घातक प्रतिपिंडें झपाट्यानें उतरतात. थायरॉक्सिन मिळालेल्या ६० जणांपैकीं एकाचाच विकार उलटला. न मिळालेल्या ४९ जणांपैकीं १७ जणांचा उलटला. ही वार्ता जगभर गेली. थायरॉक्सिननें पहारेकऱ्यांस शांत करण्याची किल्ली सांपडली असें वाटूं लागलें. अनेक ठिकाणच्या वैद्यांनीं तोच प्रयोग करून पाहिला. एडिंबरो येथील संशोधकांनीं १९९६ सालीं आपला निष्कर्ष मांडला, तो असा कीं, थायरॉक्सिनची भर घातल्यानें प्रतिपिंडांतही फरक पडत नाहीं आणि विकार उलटण्याच्या प्रमाणांतही नाहीं. इतर देशांतही तो जपानी लाभ पुन्हां हातीं लागला नाहीं. आशा मावळली, पण त्यामुळें पुष्कळ रुग्ण नसत्या उपचारांपासून वांचले, हाही लाभच म्हटला पाहिजे.

याच प्रश्नाची सर्वांत हळवी बाजू मातृत्वाशीं निगडित आहे. ज्या स्त्रियांच्या रक्तांत टी.पी.ओ. प्रतिपिंडें असतात, त्यांच्यांत गर्भपाताचें प्रमाण अधिक आढळतें, हें पुष्कळ पाहण्यांत दिसून आलें होतें. ग्रंथीचें काम नीट असलें तरीही हें दिसे. मग अशा स्त्रीला आधींपासूनच थोडें थायरॉक्सिन दिलें, तर तिची कूस वांचेल काय? एकदोन लहान प्रयोगांनीं आशा दाखविली, आणि घरोघरच्या दुःखी जोडप्यांना ती खरी वाटावी यांत नवल नाहीं. शेवटीं ब्रिटनमध्यें ९५२ स्त्रियांवर याची कसून परीक्षा झाली. या सर्वांना पूर्वीं गर्भपाताचा किंवा वंध्यत्वाचा अनुभव आलेला होता, प्रतिपिंडें होतीं, पण ग्रंथीचें काम ठीक होतें. निम्म्यांना गर्भधारणेपूर्वींपासून प्रसूतीपर्यंत रोज ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, आणि निम्म्यांना दिसण्यांत तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. कोणास काय मिळालें हें त्यांनाही ठाऊक नव्हतें व त्यांच्या वैद्यांनाही नव्हतें. २०१९ सालीं निकाल लागला. थायरॉक्सिन घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ३७.४ आणि नुसती गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ३७.९ स्त्रियांच्या मांडीवर जिवंत मूल आलें. दोहोंत फरक नाहींच. चीनमध्यें कृत्रिम गर्भधारणेचा उपचार घेणाऱ्या ६०० स्त्रियांवरील प्रयोगानेंही २०१७ सालीं हेंच सांगितलें होतें.

या निकालाचा अर्थ नीट लावावयास हवा, कारण त्याचा विपर्यास झाला तर अनर्थ ओढवेल. ग्रंथीचें काम ठीक असतांना केवळ प्रतिपिंडांसाठीं गोळी घेतल्यानें गर्भाचें रक्षण होत नाहीं, एवढेंच त्यानें सिद्ध झालें. ज्या स्त्रीची ग्रंथि खरोखर मंदावली आहे तिला हा निकाल लागू नाहीं. गर्भाची स्वतःची ग्रंथि पहिले कांहीं महिने काम करीत नाहीं; त्या काळांत बाळाच्या मेंदूची वाढ मातेच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. म्हणून जी स्त्री आधींच गोळी घेत आहे, तिनें गर्भ राहिल्याचें कळतांच डॉक्टरांस सांगावें. बहुधा मात्रा वाढवावी लागते. अशा वेळीं ऐकीव गोष्टींवर विसंबून गोळी बंद करणें ही आई आणि मूल दोघांशींही शत्रुत्व करण्यासारखी गोष्ट होईल.

हिंदुस्थानांत या विकाराची व्याप्ति केवढी आहे, हें मुंबई आणि गोवा धरून आठ ठिकाणीं केलेल्या व २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून कळतें. तींत ५,३७६ प्रौढ माणसें तपासलीं. शेंकडा सुमारें ११ जणांची ग्रंथि मंदावलेली आढळली, आणि टी.पी.ओ. प्रतिपिंडें मात्र शेंकडा सुमारें २२ जणांत मिळालीं. म्हणजे प्रतिपिंडें बाळगून असलेली, पण ज्यांच्या शरीरास अद्याप कशाचीही उणीव पडलेली नाहीं, अशीं माणसें आपल्या शेजारींपाजारीं पुष्कळ आहेत. इंग्लंडांत व्हिकहॅम येथें वीस वर्षें चाललेल्या पाहणींत असें दिसलें कीं, केवळ प्रतिपिंडें असलेल्या स्त्रियांपैकीं दरसाल शंभरांत सुमारें दोघींची ग्रंथि मंदावते. प्रतिपिंडांच्या जोडीला टी.एस.एच.ही चढलेलें असेल, तर सुमारें चौघींची. अशांनीं वर्षाकांठीं एकदां टी.एस.एच. तपासून घ्यावें हें शहाणपणाचें. भीतीनें आधींच गोळी सुरू करण्याचें कारण नाहीं.

आतां आरंभींच्या प्रश्नांचीं उत्तरें देतां येतील. गोळी हें भांडण मिटविते काय? तें मिटविण्याचें सामर्थ्य तिच्यांत आहे असें सिद्ध झालेलें नाहीं. ग्रंथीस विसांवा देऊन ती भांडणाची धार थोडी बोथट करीत असावी, इतकेंच म्हणतां येतें. दुसरा अवयव धोक्यांत येईल काय? थायरॉइडच्या या विकाराबरोबर कोड, लहान वयांतील मधुमेह, जठराच्या दोषानें होणारा पांडुरोग असे विकार कांहीं जणांत आढळतात, म्हणून त्यांचीं लक्षणें दिसल्यास डॉक्टरांच्या कानावर घालावीं. पण बहुतेकांच्या बाबतींत भांडण ग्रंथीपाशींच राहतें. आंकडा उतरला नाहीं तर गोळी वायां गेली काय? मुळींच नाहीं. गोळीचें यश टी.एस.एच.वरून आणि माणसाच्या प्रकृतीवरून मोजावयाचें असतें. प्रतिपिंडांची परीक्षा रोगाचें कारण ठरविण्यापुरती एकदां झाली कीं पुरे. दर तीन महिन्यांनीं ती पुन्हां करून पैसा आणि मनाची शांति दोन्ही घालविण्यांत अर्थ नाहीं.

उलट जेथें लक्ष द्यावयास हवें, तेथें तें क्वचित् दिलें जातें. गोळी रिकाम्या पोटीं, पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-न्याहारी अर्ध्या ते एक तासानें करावी. लोहाच्या व चुन्याच्या गोळ्या, म्हणजे कॅल्शियम, तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्या, कारण त्या तिला आंतड्यांतच अडवून धरतात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीं रक्त तपासावें. थायरॉक्सिन रक्तांत सावकाश चढतें व सावकाश उतरतें. त्याचा निम्मा भाग ओसरण्यास सुमारें एक आठवडा लागतो. म्हणूनच चार दिवस गोळी न घेतां कांहीं बिघडलें नाहीं असें वाटतें, आणि त्या भ्रमांत महिने निघून जातात. प्रतिपिंडांचा आंकडा खालीं ओढण्याच्या हट्टानें मात्रा वाढविणेंही तितकेंच घातक. जास्त झालेलें थायरॉक्सिन हृदयाचा ठेका बिघडवितें आणि उतारवयांत, विशेषतः स्त्रियांचीं, हाडें ठिसूळ करतें.

जॉर्ज मरे यांच्या त्या रुग्णाईताची गोष्ट अर्धवट राहिली आहे. १८९१ सालीं जिच्या जगण्याची आशा फारशी उरली नव्हती, ती बाई आठशेंहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क घेत घेत पुढें अठ्ठावीस वर्षें जगली आणि १९१९ सालीं, चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, वारली. तिच्या हयातींत प्रतिपिंडांची परीक्षा नव्हती, टी-पेशींचें नांव कोणीं ऐकलेलें नव्हतें, आणि तिची ग्रंथि कशामुळें गेली हेंही कोणास सांगतां आलें नसतें. तिच्या शरीरांतील पहारेकरी शांत झाले कीं नाहीं, हें कोणीं पाहिलें नाहीं. जें उणें होतें तें नेमानें भरून निघालें, आणि तेवढ्यावर तिनें उरलेलें आयुष्य पुरतें भोगलें. पहारेकऱ्यांना समजाविण्याची विद्या आज ना उद्यां हातीं येईल, आणि नियामक पेशींचा शोध हें त्या वाटेवरचें पाऊल आहे. तोंवर पहाटेची ती बारीक गोळी आपलें काम चोख करीत आहे. तिच्याकडून तिच्या आवांक्याबाहेरच्या कामाची अपेक्षा न धरावी, आणि जें काम ती करते त्यांत एक दिवसही खंड पडूं देऊं नये.